बरगड्या आधी कापू नका

सर, तुमचं डोकं टेबलाला टेकेना.

पाठीचा फुगीर भाग तेवढा टेकला आणि डोकं वीतभर वर, हवेत. मेलेल्या माणसाचं डोकं असं अधांतरी राहत नाही. तुमचं राहिलं, कारण मानेपासून कमरेपर्यंत तुमचे सगळे मणके जुळून एकच दांडा झालेला, आणि तोही पुढे वाकलेला. आपल्या डिसेक्शन हॉलमधल्या रतनमामानं लाकडी ठोकळा आणला. तो पुरेना, म्हणून दुसरा आणला. "सर अजून कायतरी सांगायला उठून राहिलेत असं वाटतं मॅडम," तो म्हणाला. मला हसू आलं. त्यालाही आलं, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तो बराच वेळ वळला नाही.

तुमचा जन्म, शिक्षण, पदं, निवृत्ती हे सगळं डिपार्टमेंटच्या बोर्डावर लागलंय. टाइप मीच केलं. वर फोटो निरोप समारंभातला, शाल-नारळ हातात. कॅमेऱ्याकडे बघायला तुम्ही डोळे एवढे वर चढवलेत की नारळ आता कुणाच्या तरी डोक्यात घालणार असं वाटतं. फोटो बदलायला सांगितलाय. ते झालं कॉलेजचं. हे जे लिहितेय ते आपल्या दोघांतलं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नाला मी कधी सरळ उत्तर दिलं नाही. तुम्ही मात्र दर भेटीत विचारत राहिलात. चिवट माणूस!

आपली ओळख झाली ती हापशावर, आठवतं? मी पहिल्या वर्षाला. साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावातून धुळ्याला आलेली, इंग्रजी पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. तुम्ही बरगड्या शिकवत होतात. पुस्तकात लिहिलेलं की वरच्या बरगड्या पंपाच्या दांड्यासारख्या हलतात आणि खालच्या बादलीच्या कडीसारख्या. शहरातली पोरं ते घडाघडा म्हणून दाखवत होती. तुम्ही विचारलंत, "हापसा कोणी मारलाय?" मी हात वर केला, आणि लगेच वाटलं की झाली फजिती, आता सगळे हसणार.

तुम्ही अख्खा वर्ग मागच्या आवारात नेलात. मी दांडा मारायचा आणि तुम्ही सांगायचं. "हे टोक खिळलेलं आहे, ते जागच्या जागी फिरतं. दुसरं टोक वर जातं. बरगडीचं मागचं टोक असंच मणक्याला खिळलेलं. पुढचं छातीच्या हाडाला. श्वास घेतला की छातीचं हाड वर जातं आणि पुढे येतं. कळलं? मार गं अजून." मग रतनमामाची बादली घेतलीत आणि कडी बाजूला पाडून हळूहळू वर उचललीत. "कडीची दोन्ही टोकं जागेवर आहेत, पण मधला भाग वर येताना बाहेर फाकला की नाही? खालच्या बरगड्या अशा. त्यानं छाती रुंद होते." बादली भरून वाहायला लागली तरी तुम्ही मला थांबू देईनात. शेवटी विचारलंत, "कुठली तू?" मी म्हटलं, साक्री. तेव्हापासून मी साक्रीच झाले. ज्योती हे माझं नाव तुमच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, माझ्या लग्नाची पत्रिका तुम्ही वाचून दाखवलीत तेव्हा.

मग तो टेपचा तास. शर्ट काढून स्टुलावर बसायचात आणि एखाद्या विद्यार्थ्याला छातीभोवती टेप गुंडाळायला लावायचात. आधी एखाद्या धट्ट्याकट्ट्या पोराची छाती मोजून झालेली असायची, श्वास घेतल्यावर टेप चांगली सरकलेली दिसायची. मग तुम्ही श्वास घ्यायचात. टेप ढिम्म. पोरगा घाबरून पुन्हा लावायचा, पुन्हा ढिम्म. "अरे, टेप बिघडलेली नाही, मी बिघडलोय," तुम्ही म्हणायचात. "बरगडीचं डोकं दोन मणक्यांच्या मधे, चकतीला लागून बसतं. बरगडीच्याच मानेखाली दुसरा सांधा, मणक्याच्या आडव्या दांडीशी. असे दोन्ही बाजूंचे सगळे सांधे माझे जुळून गेलेत. हापशाचा खिळाच गंजलाय. आता पोटाकडे बघा." आणि आम्ही बघायचो. पोट वर-खाली होत असायचं. छातीनं सोडून दिलेलं काम छाती-पोटामधला पडदा एकटा करायचा.

आजाराचं नाव लांबलचक आहे, ते तुम्हीही क्वचितच घ्यायचात. एक्स-रेत कणा बांबूच्या पेरांसारखा दिसतो म्हणून पोरं मागून तुम्हाला बांबू सर म्हणायची. तुम्हाला ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी बांबू काढून ठेवला तर तुम्ही खडू घेऊन त्याच्या पेरांना मणक्यांचे आकडे घातलेत. चोर पकडायच्या ऐवजी धडाच उरकून टाकलात.

आणि ती ट्रॅक्टरची गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली असेल! तरुणपणी गावी, जळगावजवळच्या असोद्याला, घरच्या केळीत ट्रॅक्टर चालवायचात. ट्रॅक्टर मागे घेताना वळून बघता येईना, तर ट्रॉली सरळ पाटात घातली. वडील ओरडले, की डोळे फुटले का तुझे. डोळे शाबूत होते. फिरत नव्हते ते छातीमागचे मणके. हे सांगून झालं की आम्हाला स्टुलावर बसवायचात, हात छातीशी घडी, आणि म्हणायचात, ढुंगण न हलवता मागे बघा. कमरेच्या मणक्यांचे सांधे उभ्या पाकळ्यांसारखे समोरासमोर अडकलेले असतात, ते वाकू देतात पण फिरू देत नाहीत. छातीमागच्या मणक्यांचे सांधे एकमेकांवर सपाट पडलेले, ते फिरू देतात. म्हणजे माणूस मागे वळून बघतो तो छातीतून. आणि मागे फार वाकता येत नाही, कारण मणक्यांची मागची टोकं खाली झुकून एकमेकांवर कौलांसारखी बसतात. "साक्रीच्या घरावर बघा," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे हात करायचात. आमच्या घरावर तेव्हा पत्रे आलेले होते. मी सांगितलं नाही.

माझ्या आईला बघायला आलात ते मी जन्मात विसरणार नाही. तिला उतारवयात पोक आलेलं, मधले मणके पुढच्या बाजूनं चेपून पाचरीसारखे झालेले. शरीराचा भार तिथे मणक्यांच्या पुढून खाली उतरतो, म्हणून हाडं ठिसूळ झाली की पुढची बाजू आधी चिरडते. हे मी तिला दहादा समजावून थकले होते. तुम्ही बसमधून उतरलात, ओट्यावर तिच्यासमोर बसलात. दोघंही वाकलेली, दोघांनाही मान वर होत नव्हती, त्यामुळे समोरासमोर बसल्यावर तुमची तोंडं बरोबर एका रेषेत आली. "माय," तुम्ही म्हणालात, "तुमचे मणके चिरडले आणि माझे चिकटले." आई म्हणाली, "मंग काय, आपन दोन्हीबी बिघडेल शेतस." आणि तुम्ही असे हसलात की पोट गदगदा हललं, छाती जागच्या जागी. त्या दिवसापासून आई माझं ऐकायला लागली. हंडा उचलणं बंद केलं, भिंतीला पाठ लावून रोज उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सरनी सांगेल शे." सांगत मी होते वर्षभर, पण नाव तुमचं! त्याबद्दल मी तुमच्याशी भांडलेही. आभार मानायचे राहिले ते आता मानते.

आता मुद्द्याचं. आपलं भांडण.

तुमचं म्हणणं, आपण अ‍ॅनाटॉमी शिकवणारे छातीमागचा कणा कधी शिकवतच नाही. बॉडी टेबलावर आली की आधी छाती उघडायची. बरगड्या कटरनं कटाकट कापायच्या, हृदय आणि फुप्फुसं बघायची, आणि कण्याची वेळ येते तोवर बरगड्यांचे बुडखे उरलेले असतात. "घराच्या भिंती पाडून मग आढं कसं तोललंय ते दाखवायचं, हा कुठला न्याय?" तुम्ही टेबलावर हात आपटायचात. बरगड्या, छातीचं हाड आणि कणा हा एकच पिंजरा आहे. बरगड्या काढल्या की कणा वाटेल तसा डुलतो, आणि पोरांना वाटतं तो असाच डुलत असेल. इथपर्यंत मला मान्य होतं.

पुढचं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मी देहदान केलंय. माझ्या बरगड्या आधी कापू नका. मला पालथं ठेवा, मागून उघडा, आणि सांधे जसेच्या तसे दाखवा." मी म्हटलं, सर, तुमचे सांधे दाखवून पोरांना काय कळणार? हालचाल शिकवायची आणि समोर ठेवायचा न हलणारा कणा? तुम्ही म्हणालात, "साक्री, चालू घड्याळ कोण उघडतं? बंद पडलेलंच उघडतात." मी म्हटलं, घड्याळजीला आधी चालू घड्याळ कसं असतं ते माहीत असतं, पोरांना नाही. तुम्ही म्हणालात, "पोरांकडे चालू घड्याळ आहे ना. स्वतःच्या छातीत." मी म्हटलं, बोलण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, पण हे पटलेलं नाही. कॅन्टीनवाल्यानं चहा पुन्हा गरम करून आणला आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मग, भांडण रंगलेलं असतानाच, तुम्ही तो प्रश्न टाकलात. "तो तास तू घेशील ना?"

मी म्हटलं, तुम्ही आधी मरा तर. तुम्ही हसलात. पुढच्या वेळी म्हटलं, मी तोवर रिटायर होईन. त्याच्या पुढच्या वेळी, फोन येतोय, थांबा जरा. हसण्यावारी नेलं दर वेळी. इतक्या बॉड्या उघडल्यात मी. पण ज्या पाठीला जिवंतपणी टेप लावली, जिच्यावर हात ठेवून मी पहिल्यांदा मणके मोजायला शिकले, त्या पाठीवर ब्लेड मी कशी धरायची? तुम्हाला हे कळत होतं आणि तरी विचारत होतात. मला तुमचा रागच यायचा. आताही येतोय.

तुम्ही गेलात त्या सकाळी भूषणचा फोन आला. तुमच्या मुलाला मी पहिल्यांदाच रडताना ऐकलं. साधी सर्दी छातीत उतरली आणि चार-पाच दिवसांत आटोपलं. कफ बाहेर फेकायला छाती आवळावी लागते, तुमची आवळत नव्हती. तुमच्याकडूनच शिकलेलं आहे हे, त्यामुळे डॉक्टरनं काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मी गाडी काढली आणि जळगावला, पिंप्राळ्यातल्या तुमच्या घरी पोचले.

घरात असोद्याची सगळी मंडळी जमलेली. तुम्ही कॉटवर, तीन उशांवर, नेहमीसारखे. ओट्यावर तिरडीचे बांबू आणि गवत येऊन पडलेलं. भूषणनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, पप्पांनी भरून दिलेलं आहे ते मला माहीत आहे. पण ही माणसं बघा. उद्या असोद्यात म्हणतील, केळीच्या धंद्यात एवढा कमावतो आणि बापाला लाकडं नाही दिली. धुळ्याला सोडून आला." मी त्याला खरं तेच सांगितलं, की सरांनी कितीही भरून दिलेलं असलं तरी घरच्यांनी नको म्हटलं तर आम्ही नेऊ शकत नाही, आणि न्यायचं तर उशीर करून चालत नाही. भूषणचे म्हातारे काका म्हणाले, जळगावातही कॉलेज झालं आता, मग धुळ्याला कशाला? जणू प्रश्न अंतराचा होता. मनातून, खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की नाहीच म्हणावं यांनी. नाही म्हणाले तर मी सुटले.

तुमची बायको, आमच्या काकू, आतल्या खोलीत होत्या. बाहेर आल्या, तुमच्या कॉटजवळ खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यायनं मले इचारून लिहेल आहे. नेऊ द्या." मग भूषणला म्हणाल्या, "पण तिसऱ्या दिवशी राख सावडाले काय राहीन मले? मले कायतरी पाहिजे."

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, ना तुमच्या कागदात ना माझ्या पुस्तकात. तुम्ही सगळ्याचा विचार केलात, बरगड्या कोणी आणि कधी कापायच्या इथपर्यंत, पण बायको तिसऱ्या दिवशी काय गोळा करणार याचा केला नाहीत. भूषणनं गुरुजींना फोन लावला. तरुण गुरुजी, आवाजावरून भूषणहून लहान. ते म्हणाले, पालाशविधी करता येतो. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात.

"पण देह मिळालाय की," भूषण म्हणाला. "धुळ्याला राहणार आहे."

गुरुजी म्हणाले, "विधीला मिळाला नाही ना? मग झालं."

काकूंनी सही केली. मी तुम्हाला घेऊन धुळ्याला आले. त्या प्रवासाचं काही लिहीत नाही.

पळस कुठून आणायचा? असोद्याच्या चहूबाजूंनी केळीच केळी. भूषणनं गुरुजींना विचारूनही पाहिलं, केळीचं पान नाही का चालणार, मोठं असतं, एकात काम होईल. गुरुजींनी हात जोडले. मग मी म्हटलं, मी आणते. आमच्या डोंगरात पळस मुबलक. भावाला फोन केला, त्यानं देठासकट पानांचं बोचकं बांधून ठेवलं, आणि ते घेऊन मी तिसऱ्या दिवशी असोद्याला गेले.

स्मशानाच्या शेडमधे गुरुजींनी दर्भ अंथरला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मोबाइलमधे बघून सांगत होते, डोक्याला एवढे देठ, गळ्याला एवढे, छातीला एवढे, पाठीला एवढे. हिशोब माझ्या हिशोबाशी जुळत नव्हता. बायामाणसं लांब उभी होती. काकू मात्र भूषणच्या शेजारी येऊन बसल्या आणि मला हाक मारली. "ज्योती, तू ये. पाठीचं तूच कर. तुले ठाऊक आहे."

गुरुजींनी काकांकडे बघितलं, काकांनी आभाळाकडे. मी बसले.

आणि सर, माझ्या हातांनी काय केलं असेल? तुमचा कणा केला. वाकलेला. एक्स-रेतला जसाच्या तसा, वरून पुढे झुकलेला, मधे फुगवटा, नारळ पुढे आलेला. देठ एकाला एक लावून दोरा गुंडाळला, दोन्ही बाजूंना पानांच्या बरगड्या लावल्या, त्या खाली उतरत्या ठेवल्या, कारण बरगडी मागून पुढे उतरतीच असते. आजूबाजूचं भान राहिलं नाही मला. हॉलमधे बसून मॉडेल करावं तशी करत होते, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. हे तुम्हीच आहात, इतकं हुबेहूब आलंय, काकूंना किती बरं वाटेल असंही मनात आलं. असला मूर्खपणा अ‍ॅनाटॉमीवाल्यांनाच सुचतो.

काकू बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि तो पुतळा मधोमध धरून हळूहळू सरळ केला. दोरा ताणला गेला, दोन देठ निसटले, त्यांनी ते परत खोचले. नारळ मागे सरकवून जमिनीला टेकवला.

"आता तरी पाठ टेकू दे त्यायले," त्या म्हणाल्या.

मी तिथेच रडले, सर. सगळ्यांसमोर. तुमच्या घरी रडले नव्हते, हॉलमधे नाही, गाडीत नाही. इतकी वर्षं तुमच्या पाठीकडे मी बघत आले, आणि मला तिच्यात सांधे दिसले. त्या बाईला तिच्यात झोप न लागणारा माणूस दिसला. रोज तीन उशा रचणारी, पहाटे कण्हत उठणाऱ्या नवऱ्याची पाठ शेकून देणारी तीच. आम्ही टेप लावून हसायचो तेव्हा घरी हे चालू होतं, आणि तुम्ही त्यातलं अक्षरही वर्गात आणलं नाहीत.

अग्नी दिला. पळसाची पानं हिरवी होती, धूरच जास्त झाला. भूषण खोकत खोकत प्रदक्षिणा करत होता. नंतर काकू राख सावडायला बसल्या, मूठभर मिळाली, ती त्यांनी मडक्यात घेतली आणि वर फडकं बांधलं. माणसं पांगली. काकू नळावर हात धूत होत्या, मी पाणी सोडायला उभी होते. हात धुताधुताच त्यांनी विचारलं,

"पोरं कापतीन तवा तू राहशीन का तिथं?"

"हो काकू," मी म्हटलं. "मीच शिकवणार आहे तो तास."

निघून गेलं तोंडातून. मनाशी काही ठरवलेलं नव्हतं. नळ चालूच राहिला, मी बंद करायचं विसरले.

काकूंनी पदराला हात पुसले. "मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्यायले नवख्या मान्सांत लई अवघडल्यासारखं होते."

अवघडल्यासारखं? तुम्हाला? एवढे वर्ग गाजवलेल्या माणसाला? गाडीत बसल्यावर आठवलं की तुम्ही कधी कोणाच्या लग्नाला यायचा नाहीत. मान वर होत नसल्यामुळे समोरचा माणूस ओळखायला वेळ लागायचा, आणि लोकांना वाटायचं सर शिष्ट आहेत. दरवर्षी नवी पोरं आली की सुरुवातीच्याच दिवसांत शर्ट काढून बसायचात, ते मला वाटायचं किती बेधडक माणूस. आता वाटतं की पोरांनी चोरून बघत राहण्यापेक्षा एकदाचं काय ते बघून घ्यावं, एवढंच असेल. विचारलं असतं तर तुम्ही उडवून लावलं असतं. आता ते विचारताही येत नाही.

तर सर, उत्तर हो आहे. काकूंना दिलं तेच तुम्हाला.

नवी बॅच येईल तेव्हा तुम्हाला पालथं ठेवू. छातीखाली किती ठोकळे लागतील ते रतनमामा आत्तापासून बघतोय. बरगडीला कटर लावू देणार नाही कोणाला. आधी पोरांना आपापल्या छातीवर हात ठेवून श्वास घ्यायला लावीन, मग तुमचे सांधे दाखवीन. तुमचं नाव सांगता येणार नाही, तो नियम तुम्हीच घातलेला. आपलं भांडण मी सोडलेलं नाही. थांबलेल्या कण्यावरून हालचाल कळते हे मला अजून पटलेलं नाही, आणि ते मी पोरांना तुमच्यासमोर सांगणार आहे. तुमची बाजूही मलाच मांडावी लागेल, हे मला फार जड जाणार आहे. तुम्ही टेबलावर असाल आणि मधे तोंड घालणार नाही, हे मी कसं सोसायचं?

माझा आवाज कदाचित जाईल. गेला तर खिडकीशी जाऊन पाणी पिईन आणि परत येईन. पोरांना काय वाटायचं ते वाटू दे. तुम्हाला नवख्या माणसांच्या हाती सोडणार नाही, सर. तो तास मीच घेणार आहे.